तिन्हीसांजेचा घुसखोर

आमच्या इमारतीत चोरी झाली ती चपलांची. पाचव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपला दाराबाहेरून नाहीशा झाल्या आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असं वातावरण तयार झालं की मुलुंडमध्ये दरोडेखोरांनी तळच ठोकलाय. कुणी भलत्याच शहरातल्या, तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांचा व्हिडिओ टाकला. कुणी 'सावध राहा' असं लाल अक्षरांत लिहिलेलं चित्र टाकलं, त्याखाली बाराजणांनी हात जोडले. आठवड्याभराने कळलं की त्या गृहस्थांचा मेहुणाच चुकून त्या चपला पायात घालून डोंबिवलीला गेला होता. पण तोपर्यंत ग्रुपवर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या होत्या, त्यामुळे हा खुलासा कुणी वाचला नाही. मीही वाचला नाही. मी तोवर घरात अलार्म बसवून मोकळा झालो होतो.

मी मुळात भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. फक्त माझ्या भीतीला मी भीती म्हणत नाही, शिस्त म्हणतो. पवईला ज्या ऑफिसात मी गेली पंधरा वर्षं आहे, तिथे गळ्यातलं कार्ड दाखवल्याशिवाय चहाच्या मशिनपर्यंतसुद्धा पोचता येत नाही. लोक त्याला नावं ठेवतात, मला मात्र ते आवडतं. प्रत्येक दार 'टुक' करून उघडलं की आपण योग्य माणूस आहोत अशी खात्री पटते. असल्या पाच दारांतून पार होऊन संध्याकाळी मी घरी यायचो, तर आमचं दार सताड उघडं. उंबऱ्याच्या आत आई मेथी निवडतेय, उंबऱ्याच्या बाहेर समोरच्या ताई स्टुलावर बसल्यात, आणि मधल्या पॅसेजमध्ये दोघींच्या गप्पा. माझ्या कपाळावर आठी पडायची. 'दार लावून बसत जा की गं,' मी म्हणायचो. दोघी माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा मेथीकडे वळायच्या.

आमच्या इमारतीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथे पूर्वी एका कारखान्याच्या कामगारांच्या तीन बैठ्या चाळी होत्या. कारखाना बंद पडला, चाळी पाडल्या आणि त्यांच्या जागी बावीस मजले उभे राहिले. वरच्या मजल्यांवर घरं विकत घेऊन आलेले लोक आहेत. खालच्या सात मजल्यांवर आम्ही, म्हणजे चाळीतले जुने. घरं चिठ्ठ्या टाकून वाटायची होती, पण आईने आणि ताईंनी बिल्डरच्या ऑफिसात दोन दिवस ठिय्या मारला आणि शेजार मागून घेतला. तीन नंबरच्या चाळीत आमची खोली सतरा आणि त्यांची अठरा होती. इथे दारं समोरासमोर आली. आम्ही मालवणकडचे, ताईंचं घर बौद्ध, जालन्याकडचं. ताईंनी महापालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून सगळी हयात काढली. आता निवृत्त आहेत, पण कुणाला शिंक आली तरी अजून नाडी बघतात. त्यांच्या दारामागच्या खिळ्याला आमची जादा चावी टांगलेली असायची, चाळीपासूनची पद्धत.

आता माझ्या भीतीबद्दल थोडं खरं बोलतो. चपलांचं निमित्त होतं. मला धास्ती होती ती आईची. ती अठ्ठ्याहत्तरची, वीस वर्षांची जुनी साखर, आणि सकाळी नवाला मी आणि बायको घराबाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत ती एकटी. बायको भांडुपच्या शाळेत शिकवते, मुलगी बंगळुरूला. कुणी दार ढकलून आत शिरलं आणि म्हातारीला काही केलं तर, हा विचार मला ऑफिसातल्या प्रत्येक 'टुक'बरोबर यायचा. त्यामुळे अलार्मवाल्या कंपनीचा माणूस रविवारी घरी आला तेव्हा मी आधीच अर्धा विकला गेलो होतो.

तो टाय लावून आला होता. त्याने बूट बाहेर काढले आणि मोज्यांनिशी घरभर फिरून दारं-खिडक्यांकडे अशा नजरेने पाहिलं की मला आमचं घर प्रथमच केविलवाणं वाटायला लागलं.

'सर, चोर लोक पण आता टेक्नॉलॉजीवाले झालेत,' तो म्हणाला. 'तुमची ही कडी म्हणजे त्यांना कॉमेडी वाटते.'

आईने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. 'आमच्याकडे चोरूसारख्या काय आसा, झिला?'

त्याने प्रामाणिकपणे सगळीकडे नजर फिरवली. टीव्ही जुना, कपाट चाळीतलं, भिंतीवर वडिलांचा फोटो. मग त्याने आवाज खाली आणला. 'आजी, प्रॉपर्टी सोडा. माणसं महत्त्वाची.' आणि हे म्हणताना त्याने आईकडे न बघता माझ्याकडे बघितलं. धंदा कसा करावा हे त्याच्याकडून शिकावं. मी तिथल्या तिथे सही केली.

दोन दिवसांत घराचं रूप पालटलं. दाराला आकड्यांचं कुलूप आलं, किल्लीच नाही. चौकटीवर एक पांढरी पट्टी बसली, दार उघडल्याचं तिला कळतं. हॉलच्या कोपऱ्यात लाल डोळ्याची एक डबी, घरातली हालचाल ती टिपते. दाराशेजारी आतल्या बाजूला आकडे दाबायची पाटी. आणि दारावर, गणपतीच्या फरशीच्या बरोबर शेजारी, भोंगा. दार उघडण्याआधी आतून नंबर दाबायचा. बाहेरून आलात तर कुलपाला एकदा दाबायचा, आत येऊन पाटीवर परत दाबायचा, कारण कुलूप एका कंपनीचं आणि अलार्म दुसऱ्या कंपनीचा, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. वीस सेकंदांत नंबर दाबला नाही की भोंगा. शिवाय माझ्या मोबाइलवर निरोप, आणि कंपनीच्या कंट्रोल रूममधून फोन. घरात कॅमेराही बसणार होता, पण आईने तो परत पाठवला.

'माका कोण बघता ता नको,' ती म्हणाली. 'मी काय सिनेमा आसंय?'

नंबर कुठला ठेवायचा यावर मी बराच विचार केला. जन्मतारीख नको, चोर ती आधी बघतात असं त्या टायवाल्याने बजावलं होतं. आईच्या लक्षात राहायला हवा, पण जगाला सुचता कामा नये. शेवटी मला असा काही नंबर सुचला की मी स्वतःवरच खूश झालो. तीन नंबरची चाळ, सतरा नंबरची खोली. शून्य तीन एक सात. ती चाळच आता पृथ्वीवर उरलेली नाही, चोर काय बापजन्मी शोधणार. मी आईच्या कानात हळूच सांगितला. ती म्हणाली, 'ह्यो होय,' आणि कुकर लावायला गेली.

मग मी एक गोष्ट केली जी लिहिताना अजून कान गरम होतात. समोर जाऊन ताईंकडून आमची चावी परत मागितली. खरं तर कुलूपच बदललं होतं, ती चावी आता कशालाही लागत नव्हती. पण टायवाल्याने एक यादी दिली होती, 'घराबाहेर असलेल्या सर्व चाव्या ताब्यात घ्या', आणि मला यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करायची होती. ताईंनी दारामागे हात घातला, चावी काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

'नवीन नंबर कुणाला सांगायचा नसतो ना?' त्यांनी विचारलं.

'कंपनीचा नियम आहे, ताई,' मी म्हणालो.

'बरोबर आहे,' त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. एरवी त्यांचंही दार उघडंच असायचं. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, जेवायला वाढताना ताटाशी बोलायची.

अलार्मचा पहिला सामना त्याच शनिवारी झाला. मी घरी होतो. उन्हं गेली तशी आईने हातपाय धुतले, देवापुढे निरांजन लावलं, ते तबकात घेतलं आणि नेहमीसारखी दाराकडे निघाली. तिन्हीसांजेला दार उघडायचं, उंबऱ्याला हळदकुंकू वाहायचं, बाहेरच्या तुळशीपुढे दिवा ठेवायचा आणि लक्ष्मी आत येईपर्यंत दार उघडं ठेवायचं, हा तिचा लग्नापासूनचा नेम. चाळीत असताना तिने तो कधी मोडला नाही, कारखान्याच्या संपात घरात तांदूळ नव्हते तेव्हाही नाही. तिने एका हाताने दार उघडलं. पाटी टिकटिक करायला लागली. मी ओरडलो, 'आई, नंबर.' तिने हळदीची चिमूट घेतली. 'आई, वीस सेकंद.' तिने कुंकवाची चिमूट घेतली. शुभंकरोतीची दुसरी ओळ सुरू होताच भोंगा असा काही ठणाणला की तुळशीची पानं हलली असं मला वाटलं. सात मजले दारात आले. आईने हात जोडलेले सोडले नाहीत. श्लोक पुरा केला, नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळली.

'लक्ष्मी इली तर तिका आधी नंबर इचारू?'

'अगं, दार उघडायच्या आधी दाबायचा. दिवसा दाबतेस ना मोलकरीण आल्यावर?'

'ती मोलकरीण. ही लक्ष्मी,' ती म्हणाली. 'आणि हात रिकामे आसत काय माझे?'

तेवढ्यात मोबाइल वाजला. 'सर, आपके फ्रंट डोर पे घुसपैठ डिटेक्ट हुई है. आप सेफ हैं?'

'मॅडम, माँ दिया लगा रही है,' मी म्हणालो.

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग, 'सर, कारण लिखना पड़ता है. मेरे लिस्ट में पालतू जानवर है, मेहमान है, कामवाली है. दिया नहीं है. 'अन्य' में डाल दूँ?'

'डालो,' मी म्हणालो. तर अशी आमच्या घरातली लक्ष्मी एका सुरक्षा कंपनीच्या दप्तरी 'अन्य' म्हणून नोंदली गेली.

यावर सोपे उपाय होते. अॅपवरून तेवढ्या वेळापुरता अलार्म बंद ठेवता आला असता. पण अॅपला ठरावीक वेळ लागत होती आणि आई घड्याळावर दिवा लावत नाही, उजेडावर लावते. उन्हाळ्यात सात वाजून जातात, मार्गशीर्षात सहालाच झाकोळतं, ढग आले तर त्याहून आधी. एक अख्खा तास अलार्म बंद ठेवणं मला पटेना. टायवाल्याने सांगितलं होतं की संध्याकाळचीच वेळ धोक्याची. शिवाय, खरं सांगायचं तर, आता तो प्रश्न सुरक्षिततेचा राहिला नव्हता. कोण नमतं हा होता. आईने नंबर दाबावा एवढंच माझं म्हणणं होतं. ती दिवसभर मुकाट्याने दाबायची, आणि तिन्हीसांजेला एकदा दाबायची नाही. मी बायकोला मध्ये घालून पाहिलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, 'तू लक्ष्मीला अडवणार आणि वर मला भांडायला लावणार. चालू आहेस.'

तर भोंगा रोज वाजायला लागला. पहिले आठ दिवस लोक दारात आले, पुढचे आठ दिवस ग्रुपवर आले, त्यानंतर कुणीच कुठे आलं नाही. महिन्याभरात इमारतीने त्याला आपल्या दिनक्रमात सामावून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरची मुलं भोंगा झाला की खेळ आटपून घरी जायला लागली. कुणी त्यावर पाण्याची मोटर लावत होतं, कुणी मालिका. 'काकूंचा दिवा लागला वाटतं,' असं लोक लिफ्टमध्ये सहज म्हणायचे. आईला तर तो भोंगा आवडायलाच लागला. 'देवळात घंटा वाजताच ना,' ती म्हणायची, 'तशी ही आमची.' कंट्रोल रूमच्या बाईही सरावल्या. आधीचं सगळं बोलणं गळून गेलं होतं. फोन यायचा, 'सर, दिया?' मी म्हणायचो, 'हाँ मॅडम, दिया.' झालं. ऑफिसात मीटिंग चालू असतानाही मी हे तोंडातल्या तोंडात म्हणू शकत होतो.

तक्रार करायचा हक्क खरा ताईंचा होता. त्यांची संध्याकाळची बुद्धवंदना नेमकी त्याच सुमाराला. डोळे मिटून बसल्या की पंधरा फुटांवर भोंगा. पण त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. भोंगा सुरू झाला की थांबायच्या, बंद झाला की जिथे थांबल्या तिथून पुढे म्हणायच्या. हे मला नंतर कळलं. चावी परत घेतल्यापासून त्या माझ्याशी गरजेपुरतं बोलत, आणि मीही लिफ्टमध्ये भेटलो की आकडे बघत उभा राहायचो.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. त्या दिवशी आई महालक्ष्मीचा घट मांडते आणि दिवसभर उपास करते. डॉक्टरांनी उपास बंद सांगितले आहेत, पण आई डॉक्टरांचं फक्त सोमवार ते बुधवार ऐकते. 'फळं खातंय, गोळी घेतंय, काय होवचा नाय,' असं सकाळी मला सांगून झालं होतं. बायको शाळेतून परस्पर दादरला जाणार होती, बहिणीच्या मुलीच्या लग्नाची खरेदी. मी नेहमीप्रमाणे पवईला.

दुपारी चारला मोबाइलवर निरोप आला. अॅपची भाषा मी मराठी ठेवली होती. 'एक वाजल्यापासून घरात कोणतीही हालचाल नाही. तुमचे घर सुरक्षित आहे.' मी तो वाचला आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हणजे मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तो दाखवला आणि म्हणालो, 'बघ, याला म्हणतात सिस्टीम.' त्याने चष्मा वर करून वाचलं आणि 'झकास' म्हणाला. मग आम्ही चहाला गेलो.

सव्वासहाला भोंगा व्हायला हवा होता. झाला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मोबाइलने न वाजून काही सांगावं अशी त्याच्याकडून कुणाची अपेक्षा नसते. पावणेसातला मीटिंगमध्ये तो थरथरला. 'घुसखोर आढळला. मुख्य दार.' पाठोपाठ फोन. 'सर, दिया?'

'हाँ मॅडम, दिया,' मी म्हणालो आणि ठेवला. आज बराच उशीर केला आईने, एवढं मनात आलं. गुरुवारची कहाणी वाचत बसली असेल, असं उत्तरही माझं मीच दिलं.

दहा मिनिटांनी ताईंचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नाहीत.

'घाबरू नको,' त्या म्हणाल्या, 'काकूंना दवाखान्यात नेतेय. साखर उतरली होती. आता डोळे उघडलेत. तू सरळ तिकडेच ये.'

पवईहून मुलुंडला त्या संध्याकाळी रिक्षाने किती वेळ लागला ते मला माहीत नाही. मी सबंध वाटभर तो चारचा निरोप पुन्हा पुन्हा वाचत होतो. कोणतीही हालचाल नाही. तुमचे घर सुरक्षित आहे. आई स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर पडली होती आणि तो लाल डोळा हॉलच्या कोपऱ्यातून मला कळवत होता की सगळं छान आहे, कुणी हलत नाही. मला त्या डबीचा राग आला नाही. तिला जेवढं शिकवलं होतं तेवढं ती बोलली. तो निरोप वाचून चहाला गेलो तो मी होतो. रिक्षात मी रडलो. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

दवाखान्यात आईच्या हाताला सलाइन लावलं होतं आणि ताई उशाशी बसल्या होत्या, वंदनेच्या पांढऱ्या साडीत, पायात दोन वेगवेगळ्या चपला. डॉक्टर म्हणाले, 'साखर फारच खाली गेली होती. अजून तासाभराने आणलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो.' आईने मला ओळखलं. तिचा पहिला प्रश्न मात्र ताईंना होता.

'दिवो लावल्यान कोणी?'

'लावला काकू, मी लावला,' ताई म्हणाल्या. आईने डोळे मिटून घेतले.

बाहेर बाकावर ताईंनी मला सगळं सांगितलं. सहा-सव्वासहाला त्या वंदनेला बसल्या. म्हणत गेल्या, म्हणत गेल्या, आणि ती मधे न थांबता शेवटपर्यंत झाली. कित्येक महिन्यांत प्रथमच.

'पहिल्यांदा वाटलं, बरं झालं बाबा, आज शांतता आहे,' त्या म्हणाल्या. 'मग उदबत्तीकडे बघत बसले. म्हटलं, बाहेर अंधार पडला. मार्गशीर्षातला गुरुवार. आज काकूंनी दिवा लावला नाही, असं होईल? बेल वाजवली. फोन केला, तो आत वाजतोय. मग नाही थांबले.'

त्यांनी दार उघडलं, आईला पडलेली पाहिली, नाडी बघितली, गालाच्या आतून साखर चोळली. भोंगा डोक्यावर ठणाणत होता तो त्यांनी वाजू दिला. मला आलेला घुसखोर तो हा. बरोबर त्याच वेळी मी कंट्रोल रूमला 'दिया' म्हणून सांगत होतो.

'पण दार उघडलं कसं?' मी विचारलं. 'आईने नंबर सांगून ठेवला होता?'

ताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा तीन नंबरच्या चाळीतला, नाक पुसत फिरणारा पोरगा झालो. 'सांगायचा कशाला? शून्य तीन एक सात. तुमची खोली.'

मी बोटांवर आकडे मोजले.

'आमच्या दाराचा शून्य तीन एक आठ,' त्या म्हणाल्या. 'खालच्या मजल्यावरच्यांचा शून्य दोन शून्य नऊ. तुझ्यामागून सगळ्यांनी ती कुलपं बसवली ना, चपलांच्या नादात. दुसरा कुठला नंबर लोकांच्या लक्षात राहणार रे? तू काय जगावेगळा आहेस?'

खालच्या सात मजल्यांवर अशी एकूण किती कुलपं होती ते मी मोजायला गेलो नाही. एवढं कळलं की आम्ही सगळ्यांनी जगापासून लपवण्यासाठी नेमकी तीच गोष्ट निवडली होती जी एकमेकांची सगळ्यांना पाठ होती.

'ताई, मी ती चावी मागायला नको होती,' मी म्हणालो. हे म्हणायला मला सहा महिने लागले होते.

'चावीचं काही नाही रे,' त्या म्हणाल्या. 'तो खिळा रिकामा दिसायचा. मग मी तिथे कॅलेंडर लावलं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे कपडे आणायला मी घरी आलो. घटाची फुलं मलूल झाली होती. तबकात निरांजन तसंच होतं, वात कोरडी. ताईंनी दिवा लावला नव्हता. लावायला त्यांना वेळ कुठे होता. मी आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही आणि तिने हे वाचू नये अशी माझी इच्छा आहे.

बायकोने मला फारसं काही सुनावलं नाही. एवढंच म्हणाली, 'आई पडल्या होत्या आणि तुझी सिस्टीम तुला शाबासकी देत होती. आता तरी त्या डबीवर फडकं टाक.' मी टाकलं. कंपनीचा टायवाला पुन्हा येऊन गेला. त्याच्याकडे आता पडल्यावर वाजणारा पट्टा आला होता, कमरेला बांधायचा. आईने त्याला पाणी दिलं, लाडू दिला आणि पट्टा परत दिला. जबाबदार नागरिक म्हणून मी ग्रुपसाठी एक सूचनाही लिहायला घेतली, की सर्व सभासदांनी आपापल्या कुलपांचे नंबर त्वरित बदलावेत, जुन्या खोलीचे आकडे वापरू नयेत. अर्धी लिहून झाली आणि मी ती पुसली. ताईंच्या कॅलेंडरवर, वरच्या कोपऱ्यात, आमचा नंबर आता पेनाने लिहिलेला आहे. तो मीच लिहून आलो.

आई आता उपास करत नाही, म्हणजे माझ्या समोर करत नाही. दिवा मात्र लावते, उजेड बघून, हात रिकामे नसतात म्हणून नंबर न दाबता. मी अॅपमधलं काही बदललेलं नाही. रोज संध्याकाळी मी ऑफिसच्या खिडकीतून पवईच्या तलावावरचं ऊन बघत असतो, ते उतरलं की मोबाइल टेबलावर उताणा ठेवतो आणि मीटिंगमध्ये कोण काय बोलतंय ते मला ऐकू येत नाही. पाच मिनिटं इकडची तिकडे झाली की ताईंना फोन लावतो. त्या म्हणतात, 'अजून उजेड आहे रे, थांब जरा.' मग मोबाइल थरथरतो. घुसखोर आढळला, मुख्य दार. पलीकडून त्या बाई विचारतात, 'सर, दिया?' मी म्हणतो, 'हाँ मॅडम, दिया,' आणि मग कुठे मीटिंगमधलं बोलणं ऐकू यायला लागतं. घरात कुणीतरी शिरल्याचा हा निरोप येईपर्यंत आता माझा जीव थाऱ्यावर नसतो.